निर्वासितांसाठी देणगी: इंदूरहून निघालेला रुपया छावणीपर्यंत किती पोचतो?

बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावणीत एका रोहिंग्या माणसाच्या महिन्याच्या शिध्याचा भाव २०२५मध्ये १२ डॉलर होता. डॉलर ९० रुपयांचा धरला तर १,०८० रुपये. हा शिधा जागतिक अन्न कार्यक्रम ही संयुक्त राष्ट्रांची संस्था देते आणि तिची झोळी रिकामी झाली की शिध्याला कात्री लागते. २०२३च्या मार्चमध्ये १२ डॉलरचे १० झाले, जूनमध्ये ८. पुढे रक्कम पुन्हा वर चढली, पण २०२५च्या मार्चमध्ये ती ६ डॉलरवर आणण्याची सूचना निघाली. ऐन वेळी पैसा आला म्हणून ती कपात टळली.

हजार रुपये महिना इंदूरमधल्या पुष्कळ घरांना परवडेल. प्रश्न येतो तो हजार रुपये पाठवायचे कसे याचा. मधल्या वाटेवर बँक आहे, कार्ड कंपनी आहे, आयकर कायदा आहे आणि दारात पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला एखादा तोतयाही आहे. सुदान असो, गाझा असो की रोहिंग्यांची छावणी, वाट चुकली तर दहा हजारांतले अडीच-तीन हजार सीमा ओलांडण्याआधीच संपतात. म्हणून संस्था निवडण्याआधी वाट निवडा.

ट्रस्टचा पैसा सहजासहजी देशाबाहेर जात नाही

गल्लीतलं मंडळ, समाजाची संस्था किंवा एखादा धर्मादाय ट्रस्ट परदेशातल्या निर्वासितांसाठी वर्गणी गोळा करू लागला, की पहिला प्रश्न हाच विचारा. भारतात नोंदलेल्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकरातून सूट मिळत नाही. भारताला रस असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मंजुरी दिली असेल, तरच ती मिळते. अशी मंजुरी फार थोड्या संस्थांकडे असते. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नका, थेट विचारा: ‘हा पैसा कोणत्या परवानगीने बाहेर जाणार आणि तिकडे कोणाच्या हातात पडणार?’ उत्तर लेखी मागा. ‘आमची माणसं आहेत तिकडे’ हे उत्तर पुरेसं नाही.

मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या भारतीय शाखांनाही हेच विचारायला हवं. फॉर्मवर छावणीतल्या मुलाचा फोटो असतो आणि तुमचा पैसा प्रत्यक्षात भारतातल्याच एखाद्या दवाखान्याला जातो, असं होऊ शकतं. त्यात गैर काही नाही, फक्त ते देणाऱ्याला ठाऊक असावं. शाखेला ईमेल करून देशातला खर्च आणि देशाबाहेरचा खर्च असे दोन आकडे मागा. नेकीने चालणारी संस्था ते देते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचं प्रकरण वेगळं, कारण त्या भारतात नोंदलेले ट्रस्ट नाहीत; त्यांना देताना पावती आणि करसवलतीबद्दल वेगळं विचारा. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, तरी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, म्हणजे यूएनएचसीआर, १९८१पासून भारतात काम करतं.

पीथमपूरच्या कारखानदारांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, खात्यातून परदेशातल्या मदतकार्याला दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. द्यायची असेल तर स्वतःच्या खिशातून द्या.

दहा हजार रुपये, चार वाटा

खालच्या हिशेबात डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. बँकेचे आकार उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बँकेचं दरपत्रक त्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

पहिली वाट: भारतात खातं असलेल्या संस्थेला यूपीआयने किंवा बँकेतून. देणाऱ्याला वेगळा खर्च शून्य. १०,००० दिले, १०,०००ची पावती. छोट्या रकमेसाठी हीच वाट.

दुसरी वाट: परदेशी संस्थेच्या वेबसाइटवर भारतीय कार्डाने. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला २ ते ३.५ टक्के आकार लागतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्क्यांनी ३५० रुपये, त्यावर ६३, म्हणजे १०,४१३ रुपये गेले. शिवाय ८०जीची, म्हणजे आयकरात वजावट देणारी, पावती मिळत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, आणि देणगी देऊन झाल्यावर लगेच बंदही करावेत.

तिसरी वाट: बँकेतून थेट परदेशी खात्यात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि देणगी हा त्यातला मान्य हेतू आहे. पॅन आणि ए२ फॉर्म लागतो. आता खर्च पाहा. बँकेचा आकार १,००० धरू, त्यावर जीएसटी १८०. चलन बदलण्यावरचा जीएसटी किमान ४५. मधली परदेशी बँक १५ डॉलर कापते असं धरू, म्हणजे १,३५०. बँकेने लावलेल्या दरातला फरक दीड टक्का, म्हणजे १५०. बेरीज २,७२५. दहा हजार पोचवायला सत्तावीस टक्के खर्च! याच आकारांनी एक लाख पाठवले तर खर्च ४,२१० येतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आत. तेव्हा लाखाच्या खाली ही वाट धरू नये, आणि लाखाच्या वरही तिकडच्या संस्थेचं भारतात खातं नसेल तरच धरावी. वर्षभरात एलआरएसने पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांपुढे गेली की पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. १२ लाख पाठवले तर ४०,००० रुपये. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो.

चौथी वाट: ऑनलाइन वर्गणीचे मंच. मोबाइलवर डोळे पाणावणारा व्हिडिओ येतो आणि खाली ‘देणगी द्या’चं बटण असतं. बटण दाबण्याआधी शेवटचा आकडा वाचा. मंचासाठी ‘ऐच्छिक टिप’ म्हणून काही टक्के आधीच जोडून ठेवलेले असतात. १२ टक्के असतील तर १,२०० रुपये. ती पट्टी मागे सरकवून शून्यावर नेता येते. रक्कम एखाद्या व्यक्तीच्या नावाने गोळा होत असेल तर ८०जी लागू होत नाही आणि परदेशातल्या त्या व्यक्तीपर्यंत पैसा कसा जाणार हा प्रश्न उभाच राहतो. नोंदणीकृत संस्थेची मोहीम नसेल तर पुढे जाऊ नका.

८०जी: ऐकायला गोड, पदरात किती?

देणगी मागणारा ‘टॅक्स वाचेल’ हे वाक्य पहिल्या मिनिटातच टाकतो. आधी स्वतःला विचारा, तुम्ही जुन्या कररचनेत आहात की नव्या? नव्या रचनेत ८०जीची वजावट नाही, आणि २०२३-२४पासून नवी रचनाच मूळ धरली जाते. ज्यांनी मुद्दाम जुनी निवडली नाही त्यांना या पावतीचा करासाठी उपयोग शून्य.

जुन्या रचनेत बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते. १०,००० दिले तर ५,००० उत्पन्नातून वजा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे सेससकट १,५६० वाचतात, वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे १,०४०. एकूण देणग्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरल्या जातात. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर त्या देणगीवर वजावट नाही, आणि घोंगड्या, धान्य, औषधं अशा वस्तूंवर तर मुळीच नाही.

साध्या पावतीवर भागत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे तुमची देणगी कळवून फॉर्म १०बीई या नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र द्यायला हवं, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. त्यासाठी देतानाच पॅन द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६पासूनच्या व्यवहारांना नवा आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. लोकांच्या तोंडी ८०जीच आहे म्हणून इथे तेच नाव ठेवलं. नवा क्रमांक सीएला विचारून घ्या.

संस्था पारखताना

‘शंभरातले शंभर रुपये गरजूंना’ अशी जाहिरात करणारी संस्था जास्त चांगली, असं आपल्याला वाटतं. छावणीत मात्र नर्सचा पगार, ट्रकचं डिझेल, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण हे सगळं लागतं. हा खर्च कोणीतरी करतंच. जो तो दाखवत नाही त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहा. त्यापेक्षा हे चार प्रश्न उपयोगी पडतात.

संकटाच्या आधी ती तिथे होती का? बातमी आल्यावर पोचलेल्या संस्थेला परवाने, गोदाम आणि भाषा जाणणारी माणसं जमवण्यातच महिने जातात. ब्रॅक ही बांगलादेशी संस्था पाहा. १९७१च्या युद्धानंतर भारतातून परतलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी फजले हसन आबेद यांनी १९७२मध्ये सिल्हेट भागातल्या सुल्ला इथे ती सुरू केली. २०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून आले, तेव्हा ब्रॅकची माणसं आणि कार्यालयं त्या देशात होतीच.

पैसा मोकळा ठेवता येतो का? २००४च्या त्सुनामीनंतर जगभरातून देणग्यांचा पूर आला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने थोड्याच दिवसांत जाहीर केलं की त्सुनामीच्या कामापुरते पैसे जमले, आता त्यासाठी देऊ नका, आणि आधी दिलेले पैसे दुसऱ्या संकटांसाठी वापरू द्या. ‘पुरे’ म्हणणारी संस्था विरळा. फॉर्मवर ‘जिथे सर्वाधिक गरज असेल तिथे’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. त्यामुळे टीव्हीवर न दिसणाऱ्या संकटालाही पैसा मिळतो. ‘नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल’ दरवर्षी सर्वांत दुर्लक्षित विस्थापनांची यादी काढते. संयुक्त राष्ट्रांच्या मदत-समन्वय कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणत्या आवाहनाला किती टक्के पैसा मिळाला तेही फुकट पाहता येतं. देण्याआधी या दोन्हींवर नजर टाका.

ती रोख देते की वस्तू? जवळपास बाजार चालू असेल तर निर्वासिताच्या हातात रोख रक्कम किंवा कार्ड देणं बहुधा स्वस्त पडतं, आणि काय घ्यायचं ते त्याचं तो ठरवतो. बाजारच नसेल तिथे वस्तूच लागतात. संस्था हा निर्णय कशावरून घेते, ते तिच्या अहवालात दिसायला हवं.

अहवालात अपयश लिहिलंय का? वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित ताळेबंद संकेतस्थळावर हवाच. नुसते हसरे फोटो आणि ‘लाखो जीवन उजळले’ असली वाक्यं असतील तर तो अहवाल नव्हे, माहितीपत्रक. काय जमलं नाही आणि पुढच्या वर्षी काय बदलणार, एवढं एक पान शोधा.

नोंदणीची तपासणी दहा मिनिटांची. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ८०जीची मान्यता आणि तिची मुदत पाहा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद पाहा. दोन्हीकडचं नाव जुळायला हवं.

कपडे आणि घोंगड्या नकोत

थंडीत कुणीतरी गठ्ठे जमवायला लागतं. हेतू चांगला असतो, पण इंदूरहून परदेशी छावणीत माल पोचवायचा तर वाहतूक, सीमाशुल्क, यजमान देशाची परवानगी आणि तिकडे उतरवून घेणारी संस्था, एवढं सगळं लागतं. सरकारचं काम निराळं. २०१७मध्ये ‘ऑपरेशन इन्सानियत’खाली भारताने बांगलादेशाला रोहिंग्यांसाठी सामान पाठवलं ते सरकारी पातळीवर. देशातल्या देशातही हे किती फसतं ते त्सुनामीनंतर तमिळनाडूत दिसलं. देशभरातून आलेले जुने कपडे किनाऱ्यावरच्या गावांत रस्त्याकडेला ढिगांनी पडून राहिले. जुने कपडे शहरातच द्या, पैसे तिकडे पाठवा.

मुलं परदेशात असतील तर

रामबाग, स्नेहनगर, सुदामानगर, कुठेही जा, इंदूरच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेच. अशा घरांसाठी सर्वांत स्वस्त वाट त्यांच्याकडूनच जाते. अमेरिकेतली लेक तिथल्या नोंदणीकृत संस्थेला देईल तर चलन बदलायचा खर्च नाही, आणि अमेरिकेतल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात. तिने कंपनीत नुसतं विचारायचं आहे. इंग्लंडमध्ये करदात्याने ‘गिफ्ट एड’च्या चौकोनात खूण केली की त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून संस्थेला २५ पेन्स जास्त मिळतात.

उलट्या दिशेने मात्र सावध राहा. परदेशातला मुलगा इथल्या ट्रस्टला देणार असेल तर त्याचा पासपोर्ट कोणता ते महत्त्वाचं. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतो, ओसीआय कार्ड असलं तरी. मग ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो.

एकदाच मोठी की दरमहा थोडी?

निर्वासितांची संकटं बातमीपेक्षा फार लांबतात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण घ्या. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी तिथे १९४३मध्ये उभी राहिली. बायका आणि मुलंच जास्त. महायुद्ध १९४५मध्ये संपलं, तरी छावणी त्यानंतरही काही वर्षं चालली, तिथल्या शाळांसकट, दवाखान्यासकट. पुढे त्याच जागेत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित राहिले आणि आजचं गांधीनगर वसलं. इतकी वर्षं शिक्षकांचा पगार आणि औषधं लागत होती, आणि त्यांची बातमी रोज होत नव्हती.

म्हणून दरमहा ५०० रुपये हे एकदाच दिलेल्या ६,०००पेक्षा संस्थेला जास्त उपयोगी पडतात. पुढच्या वर्षी किती येणार ते तिला कळतं. १९७१मध्ये एक कोटीच्या आसपास निर्वासित आले तेव्हा भारत सरकारनेही हाच मार्ग घेतला होता. नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्य तिकीट जादा लावावं लागे. रक्कम क्षुल्लक, पण पत्रं टाकणाऱ्यांकडून आणि रोज.

मासिक देणगीचा फॉर्म मॉलमध्ये जाकीट घातलेल्या तरुणाकडे उभ्याउभ्या भरू नका. तो बहुधा एजन्सीचा पगारी माणूस असतो आणि त्याच्यापुढे महिन्याचं लक्ष्य असतं. माहितीपत्रक घ्या, घरी या, संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः भरा. कार्डावर किंवा यूपीआयवर दरमहा कपातीची सूचना बँकेने २४ तास आधी द्यावी लागते. बंद करायची असेल तर संस्थेला फोन करत बसू नका. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’खाली ती यादी असते, तिथून रद्द होते.

तोतये ओळखा

मोठं संकट आलं की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरू लागतात. कोड स्कॅन केल्यावर खातेदाराचं जे नाव दिसतं ते वाचा. संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. संस्थेचं नाव एका अक्षराने बदललेलं असू शकतं, म्हणून संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३०वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

देशातल्या देशातही निर्वासित आहेत

पैसा बाहेर पाठवण्याचा खटाटोप नको असेल तर परदेशी संकटातून भारतात आलेल्यांना द्या. इथे कायद्याची अडचण नाही आणि यूपीआय पुरतं. इंदुरात फाळणीच्या वेळी सिंधी कुटुंबं आली, आणि पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणारी हिंदू सिंधी कुटुंबं आजही इथे आहेत. कागदपत्रं, वकील आणि मुलांचं शिक्षण हे त्यांचे खर्चाचे विषय. गोंदिया जिल्ह्यात नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांसाठी ओफर ही निर्वासितांनीच उभारलेली संस्था १९८४पासून काम करते. इथे एक सोय अशी की जाऊन पाहता येतं.

वर्षाला १२,०००चं अंदाजपत्रक

दरमहा ७०० रुपये, म्हणजे वर्षाचे ८,४००, छावण्यांत आधीपासून असलेल्या एकाच संस्थेला. भारतातल्या खात्यातून आणि ‘सर्वाधिक गरज’ या पर्यायाखाली. पाच संस्थांना थोडं थोडं देण्यात पाच पावत्या, पाच ठिकाणचे फोन आणि शून्य पाठपुरावा होतो.

२,४०० रुपये भारतातल्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला.

१,२०० रुपये राखून ठेवायचे. नवं संकट उसळलं की पहिल्या दिवशी द्यायचे नाहीत. दोन-तीन आठवडे थांबायचं. तोवर कोण आत पोचलं आणि कोण नुसतं आवाहन करतंय ते दिसतं. वर्षभर गरज पडलीच नाही तर मार्चमध्ये पहिल्या संस्थेला द्यायचे.

एप्रिलमध्ये सुरुवात करा, वर्ष संपल्यावर मेअखेर प्रमाणपत्र मागून घ्या, आणि संस्थेचा अहवाल आला की तो एकदा नीट वाचा. प्रश्न पडला तर ईमेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर पुढच्या वर्षी तीच रक्कम उत्तर देणाऱ्या संस्थेकडे वळवा.